लाल गाडीचा गिअर

सुगी सुरू झाली की रामनगरच्या रस्त्यावर भाताचं पिंजर सांडायला लागतं. ट्रॉल्या जातात, मागून ट्रक जातात, काड्या उडतात आणि गटारांच्या कडा पिवळ्या होतात. सकाळी उशिरापर्यंत धुकं असतं. समोरच्या हॉटेलातली चहाची वाफ कुठली आणि धुकं कुठलं ते सांगता येत नाही. आमची भाताची गिरण याच दिवसांत पोटभर चालते. पट्ट्याची फटफट, तुसाची धूळ. पापण्यांवर, केसांत, जेवणाच्या डब्यात. मला त्याचं काही वाटत नाही. ज्याला धुळीचं वाटतं त्याने गिरण घालू नये.

पोतं आलं की मी त्यात कोपरापर्यंत हात घालते. भात वाळलेलं असेल तर ते सुळसुळतं आणि थोडं टोचतं. ओल असेल तर गार लागतं, बोटांना धरून राहतं. ओलावा मोजायचं यंत्र मी घेऊन ठेवलंय, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही. दिग्गी गावाकडून आलेला माणूस माझ्या तोंडाकडे बघतो आणि विचारतो, "अक्का, हात काय म्हणतोय?"

"अजून ऊन दे."

तो पोतं उचलून नेतो. वाद नाही.

यंदा पहिल्या पोत्यात हात घातला आणि तीन वर्षांमागची सुगी आठवली. हाताला कळतं म्हणजे नेमकं काय, हे त्याआधी मी कधी विचारात घेतलं नव्हतं. ते असतंच. नाक असतं तसं.

परशुराम माझा नवरा. समोर मी त्याला अहो म्हणते. इथे तो म्हटलेलं बरं, नाहीतर वाक्यं लांबतात. त्याचं गॅरेज माझ्या गिरणीला लागून आहे, मधे एकच भिंत. जीपा, पिकअप, जंगलातल्या गावांतून येणारी खिळखिळी वाहनं. त्यांच्यावर घर चालतं. आणि गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये त्याची लाल गाडी. जुनी, छोटी, पेट्रोलवरची. लांबून बघणाऱ्याला वाटेल एखाद्या निवृत्त मास्तरांची असेल. जवळ गेलं की कळतं, मागची सीट काढलेली आहे, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा आहे, आणि इंजिन चालू केलं की शेजारच्या कोंबड्या उडतात. मातीच्या मैदानावर शर्यती होतात, घड्याळ लावून एकेक गाडी सोडतात. बेळगावकडे, गोव्यात, जिथे असतील तिथे तो जायचा. कप आणायचा. त्यातल्या दोन कपांत मी पोती शिवायची सुतळी ठेवते. त्याला ते चालतं. त्याला कपाचं कौतुक कधीच नव्हतं, त्याला गाडीचं होतं.

त्या वर्षी दिवाळी झाली, थंडी पडायला लागली आणि एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "तिसरा पडला का न्हाई ते हाताला कळत न्हाई."

"कुठल्या गाडीचा?"

"लाल."

मी आमटी वाढली. त्याने गिअरबद्दल तक्रार करणं म्हणजे दुसऱ्या कुणी हवामानाबद्दल बोलण्यासारखं. वाक्य मात्र मला अजून जसंच्या तसं आठवतं. सगळं त्यातच होतं. हाताला कळत नाही, असं त्याने स्पष्ट मराठीत सांगितलं, आणि आम्ही सगळे गाडीखाली शिरलो.

चांगला गिअर म्हणजे काय, हे मला त्याच्या संसारात राहून पाठ झालं आहे. दांडा ढकलला की आधी किंचित अडतो, मग आतून कुणीतरी ओढून घेतल्यासारखा जागेवर जातो, आणि बसताना तळहाताला एक बारीक ठोका देतो. शर्यतीत खाली बघायला वेळ नसतो. तो ठोकाच सांगतो, झालं, आता क्लच सोड. माझ्या पिकअपमध्ये असलं काही नाही. तिचा गिअर म्हणजे पिठल्यात उलथनं फिरवायचं आणि मिळेल ते घ्यायचं. मी तसंच चालवते, दिग्गीच्या बाजूचं भात आणते, कधी अडलं नाही. पण त्याला तो ठोका लागायचा. आणि तो येईनासा झाला होता.

आधी गिअरचं तेल बदललं. त्या तेलाला नासक्या अंड्यासारखा वास येतो आणि साबणाने जात नाही. माझ्या गिरणीत नव्या तांदळाचा वास, भिंतीपलीकडे हा. दोन्ही मिळून त्या महिन्यात आमच्या घराला जो वास होता तो मी कुठेही ओळखीन. तेल बदलल्यावर तो फिरून आला. "फरक हाय," म्हणाला. "पण न्हाई."

मग बुश. दांडा पुढे आणि गिअरबॉक्स लांब, मधे सळ्या असतात, त्या सळ्यांच्या सांध्यांत रबराचे बुश असतात. ते झिजले की दांडा सैल हलतो. परशुरामने ते काढून दांडेलीला नेले, बसूअण्णाकडे. बसूअण्णाचं लेथ मशीन आहे. माणूस कन्नड, मराठी आपल्या सोयीने बोलतो. त्याच दिवशी मला गिरणीची पुली तासून घ्यायची होती म्हणून मीही गेले होते.

बसूअण्णाने पितळेचा तुकडा लेथला लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्का, ह्यो गाडीला दागिनं करतोय बघ. तुला काय केलंय काय?"

"मला दागिने नकोत. माझी पुली आधी करा."

"पुली उद्या. सवतीचं काम आधी."

"सवत घरात पीठ तरी मळते काय विचारा."

परशुराम हसत होता. हसताना त्याने टेबलावरचा बुश उचलला, तो बोटांतून सुटून पितळेच्या चुऱ्यात पडला. बसूअण्णा म्हणाला, "हळू, सोनं हाय ते." आम्ही आणखी हसलो.

पितळेचे बुश बसले. दांड्याचा सैलपणा गेला. तरी नाही.

मग इंजिनाखालचे रबर बदलले. इंजिन डुलतं म्हणून गिअर नीट कळत नसेल, असा त्याचा तर्क. कडक रबर घातले. आता गाडी चालू केली की काचा, आरसा, आपले दातसुद्धा थरथरायचे. तरी नाही. मग दांडाच बदलला. बसूअण्णाकडून खालचा भाग लांब करून घेतला म्हणजे वरची चाल निम्मी होते. मनगट हलवलं की गिअर पडला. चाल कमी झाली की जोर जास्त लागतो, हे त्याला माहीत होतं. "चालतंय. जोर हाय की," म्हणाला.

मला आता हे लिहिताना सुचतं, की त्यातला एकही उपाय चुकीचा नव्हता. तेल खरंच जुनं होतं. बुश खरंच झिजलेले होते. प्रत्येक वेळी गाडी खरंच सुधारत होती. काहीच फरक पडला नसता तर आम्ही थांबून वेगळा विचार केला असता. पण गिअर चांगला होत गेला आणि त्याला कळेनासा होत गेला, आणि या दोन्ही गोष्टी एकाच दांड्यावर होत असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या कुणी गाडी चालवून बघितली असती तर पहिल्याच आठवड्यात उलगडा झाला असता. पण ते आमच्याकडे होत नाही. अनमोडच्या घाटात जीपा चालवणाऱ्यांची जुनी समजूत आहे: गिअर एका हाताचा असतो. दुसऱ्या कुणाचा हात लागला की तो खवळतो, मग मालकालाही नीट पडत नाही. दसऱ्याला गाडीची पूजा होते तेव्हा बॉनेटला हार कुणीही घालतं, पण दांड्याला लाल दोरा फक्त चालवणाऱ्याने बांधायचा. आमचे लोक बैल उसने देतील, बियाणं देतील, चालवती गाडी देणार नाहीत. माझ्या पिकअपला परशुराम दुरुस्तीपुरता हात लावतो, आणि तोही डाव्या बाजूने वाकून. मी याला वेडेपणा म्हणत आले. तरी लाल गाडीच्या चालकाच्या जागेवर मी कधी बसले नव्हते. बसूअण्णाने सगळे भाग घडवले, पण एकदाही दांडा हलवून बघितला नाही. त्याला कुणी मना केलं नव्हतं. त्याच्या मनातच आलं नाही.

थंडी त्या वर्षी कडक होती. पहाटे नळाच्या पाण्याने बोटं वाकडी व्हायची. शेवटचा उपाय म्हणून बसूअण्णाने दांड्याला पितळेची भरीव मूठ करून दिली. वजनदार मूठ असली की दांडा आपल्या वजनानेच पुढे जातो म्हणे. एका सकाळी आम्ही लाल गाडीतून निघालो होतो, काच धुक्याने आंधळी झाली होती, ती पुसायला मी फडकं घेऊन पुढे वाकले आणि माझं मनगट त्या मुठीला लागलं. चटका बसावा तशी गार. मी हात ओढून घेतला. परशुराम घरापासून तीच मूठ धरून गिअर टाकत होता.

"गार लागत न्हाई तुम्हाला?"

"काय?"

"मूठ."

"न्हाई," तो म्हणाला, आणि रस्त्याकडे बघत राहिला.

मेकॅनिकचं कातडं जाड असतं, असं माझ्या मनात आलं आणि गेलंही. त्या हिवाळ्यात तो शर्ट सोडून टी-शर्ट घालायला लागला होता, तेही मी बघितलं होतं. इस्त्रीचं काम कमी झालं म्हणून मला बरंच वाटलं. बटणं लागत नाहीत, हे तो बोलला नाही. कपबशी हातातून पडली की मी म्हणायचे, "लक्ष कुठं असतं तुमचं?" आणि तो म्हणायचा, "गिअरात." ते खोटं नव्हतं.

माघात उळवीच्या जत्रेच्या बैलगाड्या सुरू होतात. धारवाडकडून, बेळगावकडून, रात्रंदिवस. वरती गोल छत, आत पोरंबाळं, भाकऱ्यांची गाठोडी, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा. रस्ता त्यांचाच असतो, बाकीच्यांनी मागून यायचं. आम्ही दांडेलीहून परत येत होतो. मुठीचा फरक पुन्हा एकदा बघायला त्याने आधी कुळगीच्या रस्त्यावर एक फेरी मारली होती आणि नाही म्हणून मान हलवली होती. जत्रेनंतर लगेच गोव्यात शर्यत होती. त्याच्या वयाला आता दरवर्षी असं होतं की ही शेवटची म्हणायची आणि पुढल्या वर्षी पुन्हा जायचं. गणेशगुडीच्या चढणीला आमच्या पुढे बैलगाड्यांची रांग लागली. बैलांच्या चालीने चढायचं. शर्यतीचं इंजिन त्या चालीने चालत नाही. ते गुदमरतं, ठसकतं. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला.

शेवटच्या बैलगाडीमागून एक म्हातारा चालत होता, खांद्यावर घोंगडं. त्याने वळून बघितलं. "अण्णा, शर्यतीची काय ही गाडी?"

"व्हय," परशुराम म्हणाला.

"मग जा की म्होरं!"

बैलगाडीच्या मागच्या तोंडाशी पाय सोडून बसलेल्या बायका खिदळल्या. त्यातली एक म्हणाली, "काका, दोरी टाका तेंच्याकडं. बैल वडतील."

परशुरामही हसला. मग गिअर करकरला. पुन्हा टाकायला गेला, पुन्हा करकर. गाडी मागे सरकली, त्याने हँडब्रेक ओढला. आणि मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो खाली बघत होता. आपल्या डाव्या हाताकडे. दांडा कुठे आहे ते डोळ्यांनी बघून, मग हात तिकडे नेत होता. नवशिक्यासारखं. इतक्या वर्षांत मी त्याला खाली बघताना कधी पाहिलं नव्हतं.

त्याने गाडी कशीबशी कडेला घेतली, सागाच्या झाडांखाली. घुंगरं वर जात राहिली.

"तू घे," तो म्हणाला.

"मी? गिअर खवळंल."

"खवळू दे गं. तू घे. तुलाच कळंल मी काय म्हणतोय ते."

जागा बदलल्या. सीट त्याच्या उंचीला पक्की केलेली, माझे पाय पोहोचेनात, पाठीमागे पोत्याची गुंडाळी घातली. क्लच दाबला. पहिला टाकला. म्हातारा एवढ्यात बैलगाड्यांसोबत उळवीच्या फाट्याला वळला होता, पुढे रस्ता मोकळा मिळाला. दुसरा. आणि मग तिसरा.

मी गाड्यांची हौस असलेली बाई नाही. पण ते काही निराळंच होतं. दांडा बोटभर हलवला की पुढचं तोच करायचा. प्रत्येक गिअरचं घर वेगळं, स्वच्छ. गिरणीच्या चाळणीचा खटका बरोबर जागेवर बसला की तळव्याला जे कळतं, तसंच, पण त्याच्या दसपट नेमकं. डोळे मिटून चालवता आली असती. एवढं चांगलं यंत्र मी हातात धरलं नव्हतं, आणि मला आधी आनंदच झाला. तो आनंद एका वळणापुरता होता.

"बघ," तो शेजारून म्हणाला, "न्हाई न्हवं कळत? कुठं गेला, बसला का न्हाई?" आणि माझ्याकडे बघत राहिला. मी हो म्हणायची वाट बघत.

मला खोटं बोलायला जमत नाही. त्या दिवशी जमलं असतं तर बरं होतं का, हे मी ठरवू शकलेले नाही.

"कळतंय," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं कळतंय हो. हे बघा, तिसरा..." आणि मी मधेच थांबले.

तो खिडकीबाहेर बघायला लागला. डावा हात त्याने मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताने त्याची बोटं एकेक करून दाबून बघितली. जगलबेट येईपर्यंत तेच चाललं होतं. मग म्हणाला, "म्हणजे गाडी बरी झाली."

बेळगावच्या डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि टाचणीने टोचत विचारलं, कळतंय का. तो विचारायचा, "कुठं?" मी कोपऱ्यात उभी होते. टाचणी त्याच्या तळहातावर होती. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला जातोय, बरेच महिने झाले असतील, असं निघालं. ऑपरेशन करा, पुढचं थांबेल. गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही. आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांसमोर तेल, बुश, रबर, दांडा, मूठ ओळीने उभं राहिलं.

ऑपरेशन झालं. उजवा हात वाचला, पाय वाचले. डावा आहे तसाच आहे. तो उचलतो, धरतो, पण काय धरलंय ते बघावं लागतं. कानडी, मराठी, कोकणी, सगळ्या भाषांतले सल्ले ऐकून झाले. कुणी तेल सांगितलं, कुणी देव सांगितला. कुणी म्हणालं बिनगिअरची गाडी घ्या, हल्ली सगळे घेतात. परशुराम ते ऐकून घेतो आणि पाणी प्यायला उठतो. गॅरेज चालू आहे. दोन कामगार ठेवलेत, तो सांगतो, ते करतात. नटबोल्ट उजव्या हाताने बघतो.

मी गिरण चालवणारी बाई. पट्टा तुटला तर जोडते, बेअरिंग गेलं तर बदलते, वीज गेली तर डिझेल इंजिन लावते. नुसतं उभं राहणं मला येत नाही. त्याच्या हाताशी माझं काही चालत नाही. रोज संध्याकाळी चोळून देते. डॉक्टरांनी तसं सांगितलं म्हणून नव्हे, तर दुसरं काही करण्यासारखं नाही म्हणून. तो म्हणतो, "चोळ, पण मला कळत न्हाई हं." मी म्हणते, "मला कळतंय, पुरे."

या सुगीत दुपारी वीज जाते. डिझेल महाग, म्हणून तेवढा वेळ गिरण बंद ठेवते. परवा अशीच बंद होती. तो भिंतीपलीकडून हाक मारून म्हणाला, "जरा ये गं मागं."

शेडमध्ये लाल गाडी पुसून ठेवलेली. तो डावीकडच्या सीटवर बसलेला. मी चालकाच्या जागी बसले, पाठीमागे उशी घातली. बाहेर काढायची नव्हती. क्लच दाबून नुसते गिअर टाकायचे.

"दुसरा कसा?"

"पहिल्यापेक्षा मऊ."

"मऊ म्हंजे कसा?"

काय सांगायचं? माझ्याकडे असले शब्द नाहीत. मी म्हटलं, "लोण्यात सुरी जाते तसा न्हाई. वाळलेल्या भातात हात जातो तसा. आत जाताना कळत जातो."

त्याने डोळे मिटून ऐकलं. "आन् ठोका?"

"हाय."

"लहान का मोठा?"

"बारीक. पण हाय."

"चौथ्यातनं तिसऱ्यात येताना कुठं अडतंय काय? जरासं?"

त्याच्या आवाजात आशा होती. अडत असेल तर बसूअण्णाकडे जाता येईल, काहीतरी खोलता येईल, कुठलातरी भाग तासून घेता येईल. मी चौथा टाकला, तिसरा टाकला. पुन्हा. लवकर टाकून बघितला, अलगद टाकून बघितला.

"न्हाई अडत."

"नीट बघ."

वीज आली. पलीकडे गिरणीतला दिवा लागला, कुणीतरी "अक्का" म्हणून हाक मारली. मी उठले नाही. दांडा पुन्हा चौथ्यातून तिसऱ्याकडे आणला, मुद्दाम सावकाश, तळहात घट्ट दाबून, कुठे एखादा कण तरी लागेल म्हणून. तो सरळ आत गेला.